टेबलावरची अंतराळयानं: उभी कशी करायची, जपायची कशी

काळं कापड अंथरलेलं टेबल, त्यावर बोटाएवढी यानं, अंतर मोजायला टेप आणि निकाल लावायला फासे. अंतराळयुद्धाच्या या खेळात यान कधी कापडाला टेकत नाही, दांडीवर तरंगत असतं. नव्या खेळाडूची पहिली मोडतोड होते ती बहुतेक वेळा या दांडीचीच. बाही लागते, यान कलंडतं आणि पारदर्शक प्लास्टिकची काडी यानाच्या पोटात घुसलेल्या जागी कट्‌कन तुटते. तुकडा भोकात अडकून बसतो आणि तो कोरून काढताना रंगही जातो.

याचं कारण सरळ आहे. यान, दांडी आणि बैठक हे तिन्ही भाग कायमचे एकमेकांना चिकटवले, तर धक्का बसल्यावर सुटायला काहीच उरत नाही. मग जे सगळ्यात नाजूक ते मोडतं. म्हणून यान वेगळं, दांडी वेगळी, आणि दोघांमधला सांधा असा की धक्का बसला तर तोच सुटावा. पुढची सगळी खटपट त्यासाठी आहे. ठेवणं आणि नेणंही त्यामुळे सोपं होतं, कारण पेटीत दांड्यांचं जंगल राहत नाही.

सामान कुठे मिळेल

तयार स्टँड बाहेरून मागवता येतात, पण जळगाव, धुळे, नंदुरबार कुठेही राहत असाल तरी चार दुकानांत काम भागतं. १२ यानांच्या ताफ्यासाठी, म्हणजे समजा ८ लहान आणि ४ मोठ्या यानांसाठी, हे घ्या.

सायकलच्या दुकानातून १२ स्पोक आणि त्यांचे १२ निपल (स्पोकच्या टोकावर फिरवायचे लांबट नट). साधा स्पोक २ मिमी जाडीचा असतो. तो वाकतो पण तुटत नाही आणि त्याच्या एका टोकाला आयते आटे असतात. तिथूनच पुढच्या चाकाचे छर्रे (बेअरिंगच्या गोळ्या) घ्या, दीडएक डझन. ते ३/१६ इंची, म्हणजे पावणेपाच मिमीच्या आसपास असतात. मागच्या चाकाचे पाव इंची छर्रे या कामाला मोठे पडतात.

हार्डवेअरच्या दुकानातून लोखंडी वायसर (वॉशर). एम-१६ मापाचा वायसर बाहेरून ३० मिमी आणि साधारण ११ ग्रॅमचा असतो. एम-२० चा ३७ मिमी आणि १७ ग्रॅमचा. पहिले ८, दुसरे ४. सोबत एम-सीलच्या दोन पुड्या, दोन नळ्यांचं अराल्डाइट, १२० नंबरचा पॉलिशपेपर आणि १, ३, ५ व ६.५ मिमीचे ड्रिल बिट. एक बारीक हँड ड्रिलही लागेल. घरातलं विजेचं ड्रिल या कामाला आणू नका. त्याच्या वेगाने रेझिनचं (साच्यात ओतलेल्या ठिसूळ प्लास्टिकचं) यान तडकतं आणि प्लास्टिक वितळून बिटला गुंडाळतं.

नेमप्लेट आणि नंबरप्लेट करणाऱ्याकडे लेझर कटिंगचं मशीन असेल, तर ३ मिमी जाडीच्या ॲक्रिलिकच्या चकत्या कापून घ्या. लहान यानांना ३२ मिमी, मोठ्यांना ४० मिमी, मध्ये २ मिमीचं भोक. दोन-दोन जास्तीच्या सांगा. कडेला दर ३० अंशांवर एक अशा १२ रेघा कोरून मागा आणि त्यातली एक लांब ठेवा, ती पुढची दिशा. फुल थ्रस्टसारख्या खेळात यानाची दिशा घड्याळाच्या १२ आकड्यांवर चालते आणि माऱ्याची क्षेत्रं ६०-६० अंशांची असतात. रेघा असल्या की त्यावरून वाद होत नाहीत. कापलेली कड स्पिरिटने किंवा थिनरने पुसू नका. लेझरने तापलेल्या ॲक्रिलिकला त्याने केसासारख्या भेगा पडतात. ओलं फडकं पुरे.

चुंबकं मात्र ऑनलाइन मागवावी लागतील: निओडिमियमची, ५ मिमी व्यास आणि २ मिमी जाडी, २० नग. घरात लहान मूल असेल तर ही चुंबकं टेबलावर सुटी ठेवू नका. दोन चुंबकं गिळली गेली तर ती आतड्याच्या दोन घड्या चिमटीत धरतात आणि थेट शस्त्रक्रियेची वेळ येते.

आधी गुरुत्वमध्य

यानाच्या पोटात डोळ्यांनी मधोमध दिसेल तिथे भोक पाडू नका. बहुतेक यानांची इंजिनं मागे असतात आणि वजन तिकडेच असतं, त्यातही यान धातूचं असेल तर फारच. स्टीलची पट्टी कडेवर उभी धरा आणि यान तिच्यावर आडवं तोला. जिथे ते झुकायचं थांबतं तिथे पेन्सिलीने रेघ मारा. मग यान काटकोनात फिरवून लांबीच्या दिशेने तेच करा. दोन रेघा छेदतात तिथे भोक. छर्रा-चुंबकाच्या सांध्याला हे फारच महत्त्वाचं आहे. भोक ३ मिमी जरी सरकलं तरी यान नाक खाली घालून बसतं.

तोलायचं ते सगळे भाग चिकटवल्यानंतर. बुरूज आणि तोफा लागण्याआधी काढलेला मध्य नंतर खोटा ठरतो.

बैठक: रुंदी आणि वजन

नव्या माणसाला यान उंच आवडतं. दिसायला छानच दिसतं, पण हिशोब बघा. ४० ग्रॅमचं धातूचं यान ६० मिमी उंचीवर आणि खाली ३० मिमीची, ६ ग्रॅमची प्लास्टिकची बैठक, असं असेल तर सगळ्याचा मिळून गुरुत्वमध्य ५२ मिमीवर येतो आणि १६ अंश कललं की यान आडवं. तेच यान ४५ मिमीवर आणलं आणि खाली एम-२० चा वायसर लावला, तर बैठक २३ ग्रॅमच्या आसपास होते, गुरुत्वमध्य २९ मिमीवर उतरतो आणि ३२ अंशांपर्यंत कललं तरी ते परत उभं राहतं. कूलरच्या झोताने किंवा टेपच्या फटक्याने पडणारं आणि न पडणारं यान यांच्यात एवढाच फरक असतो.

म्हणून मोठी, जड यानं बुटक्या दांडीवर आणि लहान, हलकी उंच दांडीवर. यानं जवळ आल्यावर एकमेकांत अडकत नाहीत, हा वर फायदा. लहानांना ६० मिमी, मोठ्यांना ४० मिमी दांडी ठीक.

बैठक अशी करा:

१. स्पोकचं आट्यांचं टोक वर ठेवून लागेल ती लांबी मोजा, त्यात खालच्या वळणासाठी ८ मिमी मिळवा आणि पकडीने कापा. कापलेला तुकडा गोळीसारखा उडतो. चष्मा लावा, किंवा टोक फडक्यात धरून कापा. टोकाचा कंगोरा कानशीने घासून टाका.

२. खालचे ६ ते ८ मिमी पकडीत धरून काटकोनात वळवा. हा इंग्रजी ‘एल’ नीट बसावा म्हणून चकतीच्या भोकाची खालची कड ५ मिमीच्या बिटने जराशी खोलगट करा. वळण कधीच धारदार काटकोनात येत नाही, कोपऱ्याला गोलाई राहते आणि तिला जागा लागते. ही जागा केली नाही तर दांडी तिरकी उभी राहते, आणि बरेच जण इथेच चुकतात.

३. दांडी खालून वर चकतीत ओवा. वायसर चकतीच्या खाली मधोमध अराल्डाइटने चिकटवा. वळवलेला पाय आता वायसरच्या भोकात आडवा पडेल. वायसर ३ मिमी जाड आणि पाय २ मिमी, म्हणजे तो आत बुडतो.

४. एम-सीलचे दोन्ही भाग सारखे घ्या, रंग एकजीव होईपर्यंत मळा, वायसरच्या भोकात दाबून भरा आणि ओल्या बोटाने सपाट करा. लगेच गुण्यात (काटकोन्यात) धरून दांडी चारही बाजूंनी सरळ आहे का ते पाहा. मेमध्ये मळताना रेंगाळू नका, उन्हाळ्यात ते लवकर आवळतं.

ते वाळेपर्यंत दांडी सरळ राहावी म्हणून सगळ्यात सोपा आधार म्हणजे दादर ज्वारीच्या दाण्यांनी भरलेला डबा. स्टँड उलटा करून दांडी दाण्यांत खुपसली की बैठक वर सपाट राहते. रात्रभर तसंच ठेवा.

वाळल्यावर वायसरखाली पातळ फेल्ट किंवा जुन्या सुती बनियनचा तुकडा लावा, नाहीतर लोखंड काळं कापड खरवडतं. जाड स्पंज लावू नका. त्यावर बैठक डुलते.

लहान यान: छर्रा आणि चुंबक

चुंबक यानात बसवायचं आणि छर्रा दांडीवर. दोन्हीकडे चुंबक चालेल असं वाटतं, पण छर्ऱ्याला उत्तर-दक्षिण नसते, त्यामुळे कुठलंही यान कुठल्याही दांडीवर बसतं. चुंबकाला चुंबक लावलं की एक उलटं बसतं आणि यान दांडीवरून उडी मारतं. शिवाय पोटात चुंबक असलेलं यान पत्र्यावर दांडीशिवाय चिकटतं. पेटीत ठेवताना हाच गुण कामी येतो.

निपल दांडीच्या आट्यांवर डोकं वर ठेवून फिरवा. डोक्यावरची पेचकसाची खाच दिसते ना, छर्ऱ्याची बैठक तीच. छर्रा ग्रीसमध्ये माखलेला असतो. भांडी घासायच्या साबणाने धुवा आणि जिथे चिकटणार ती बाजू पॉलिशपेपरवर खरखरीत करा. खाचेत अराल्डाइटचा थेंब, त्यावर छर्रा, आणि भोवतीने टाचणीच्या टोकाने थोडं अराल्डाइट फिरवून कॉलर करा. कॉलर छर्ऱ्याच्या निम्म्याहून वर गेली तर चुंबकाला छर्रा भेटणार नाही आणि यान डगमगेल.

यानाच्या पोटात आधी १ मिमी, मग ३, मग ५ असं भोक मोठं करत न्या. ५ च्या बिटवर टोकापासून २ मिमीवर चिकटपट्टी गुंडाळा, म्हणजे खोली आपोआप कळते. थेट ५ ने सुरुवात केली की रेझिनची पापडी उडते. धातूच्या यानात बिट चोंदतं. अधूनमधून ते मेणबत्तीवर घासा आणि चुरा झटका. थ्रीडी प्रिंट केलेलं यान आतून पोकळ असेल तर भोकातून आधी एम-सील भरून ते कडक होऊ द्या, नाहीतर चुंबक आत पडतं आणि यान खुळखुळ्यासारखं वाजत राहतं.

चुंबक अराल्डाइटने बसवा आणि पूर्ण वाळेपर्यंत त्याला दुसरं चुंबक, पकड, छर्रा काही दाखवू नका. ओलं असताना ते मुकाट बाहेर ओढलं जातं. दुसऱ्या दिवशी परीक्षा घ्या. यान दांडीवर लावून स्टँड उलटा धरा आणि हलकेच हलवा. पडलं तर यान या सांध्याला जड आहे.

या सांध्याची एक खोड आहे. धक्का लागला की यान जागच्या जागी फिरतं आणि दिशा हरवते. म्हणून चाल संपली की चकतीवरची लांब रेघ आणि यानाचं नाक जुळवायची सवय लावून घ्या. दिशेचा निवाडा चकतीवरून करायचा आणि अंतर दांडीपासून मोजायचं, हे खेळाआधीच ठरवलेलं बरं.

जड यान: पेच

चाळीसेक ग्रॅमचं धातूचं यान चुंबकावर टाकू नका. त्याला निपल यानाच्या पोटात पुरून दांडी पेचासारखी फिरवायची. निपल १२ मिमी लांब असतो, म्हणून तिथे हुलची (यानाच्या धडाची) जाडी किमान १४ मिमी हवी. जाडी कमी असेल तर निपल कापता येतो, पण डोक्याकडचा भाग ठेवा. आटे तिकडेच असतात, खालचा अर्धा नुसता पोकळ असतो.

६.५ मिमीचं भोक घ्या आणि निपल डोकं आत घालून बसवा. डोकं रुंद असल्याने अराल्डाइट वाळलं की ते उपटून येत नाही. चिकटवण्यापूर्वी दांडीच्या आट्यांना मेण किंवा व्हॅसलीन चोळा, दांडी निपलमध्ये पूर्ण फिरवा आणि तशीच धरून चिकटवा. दांडीमुळे निपल सरळ राहतो आणि आट्यांत गेलेलं अराल्डाइट मेणामुळे धरत नाही. वाळल्यावर दांडी उलटी फिरवून काढा.

इथे एक क्रम पाळावा लागतो. पेच घट्ट झाल्यावर यानाचं नाक कुठे येईल ते आधी कळत नाही. म्हणून या यानांची बैठक शेवटी करा: दांडी चकतीत ओवलेली, यान पेचावर घट्ट, नाक लांब रेघेसमोर, आणि मगच खालून एम-सील. असा स्टँड त्याच यानाचा होतो. दोघांना एकच नंबर घाला.

फेविक्विक कुठे नको

घरोघरी सापडणारं फेविक्विक हवेतल्या ओलाव्याने धरतं. एप्रिल-मेच्या कोरड्या झळांमध्ये ते रेंगाळतं, जुलैत बोटाला चिकटून बसतं. त्याहून वाईट म्हणजे त्याची वाफ जवळच्या पारदर्शक ॲक्रिलिकवर बसून पांढरट धुकं चढवते, आणि पावसाळ्यात हे फार होतं. चकती तयार झाल्यावर तिच्या आसपास फेविक्विक उघडूच नका. यानाचे बारीक भाग चिकटवायला ते उत्तम आहे. सांध्यांना मात्र नाही. वाळल्यावर ते काचेसारखं ठिसूळ होतं आणि आडव्या फटक्याने सुटतं.

प्रायमरच्या स्प्रेचंही तसंच. भर दुपारी गच्चीवर मारला तर थेंब हवेतच वाळतात आणि यानावर बारीक वाळू लावल्यासारखं खरखरीत होतं. पावसाळी दमट हवेत पांढुरकी झाक येते. उन्हाळ्यात सकाळी सातच्या आत उरकावं, आणि गच्चीवर कुरडया-पापड वाळत नाहीत ना ते पाहून.

ठेवणं: खान्देशातला उन्हाळा

मेमध्ये भुसावळ-जळगावकडे पारा पंचेचाळिशीला भिडतो. पीएलए प्लास्टिकमध्ये प्रिंट केलेलं यान ५५ ते ६० अंशांना मऊ पडतं. सावलीतल्या हवेत ते टिकतं, पण उन्हात उभ्या केलेल्या गाडीत किंवा स्कूटीच्या डिकीत हा आकडा सहज ओलांडला जातो. पत्र्याच्या छपराखालच्या खोलीत माळ्यावर ठेवलं तर वितळणार नाही, पण लांब तोफा आणि पंख टेकलेल्या जागी हळूहळू वाकतात. रेझिनला उन्हाचा त्रास वेगळा. ते पिवळं आणि ठिसूळ होत जातं. यानांची जागा खालच्या मजल्यावर, आतल्या भिंतीच्या कपाटात, खालच्या कप्प्यात. कूलरच्या समोर तर नाहीच. ओलावा आणि धूळ दोन्ही एकदम येतं.

पेटीसाठी सगळ्यात चांगली म्हणजे जुनी पत्र्याची ट्रंक. तळ लोखंडी असल्याने पोटात चुंबक असलेलं यान तसंच चिकटतं, आणि वायसरच्या बैठका एका कोपऱ्यात डब्यात पडून राहतात. ट्रंक नसेल तर प्लास्टिकच्या झाकणाच्या डब्यात तळाच्या मापाचा जस्ती पत्रा कापून बसवा. त्याच्या कडांना चिकटपट्टी लावा, बोट कापतं. स्टीलचा डबा घ्यायला भांड्यांच्या दुकानात जाणार असाल तर खिशात एक चुंबक ठेवा. बऱ्याच स्टीलला चुंबक चिकटतच नाही आणि ते नुसतं बघून ओळखता येत नाही. तेलाचा रिकामा १५ किलोचा डबा कापून केलेले ट्रेही चालतात, पण त्याचा पत्रा पातळ असतो. तिथे फक्त हलकी यानं.

पोटाखाली अँटेना किंवा बुरूज असलेलं यान पत्र्याला टेकत नाही. त्यासाठी १५ मिमीची बुटकी दांडी करा. वर छर्रा, खाली वायसर, वायसरखाली एक चुंबक. ही दांडी पेटीतच राहू द्या. पेचवाल्या जड यानांना चुंबक नसतं, म्हणून ती फोममध्ये आडवी. पॅकिंगचा पांढरा ईपीई फोम घ्या आणि यानाच्या आकारापेक्षा २ मिमी मोठा खड्डा कापा. घट्ट खड्ड्यातून काढतानाच तोफा मोडतात. बाहेर आलेल्या बारीक अँटेनांवर ठिबकच्या ४ मिमी नळीचा छोटा तुकडा टोपीसारखा चढवा. खान्देशात ती कोणत्याही शेतकऱ्याकडे उरलेली सापडेल.

कापूस नको. घरात कितीही असला तरी त्याचे तंतू अँटेनांत गुंततात आणि पावसाळ्यात ओलावा धरून बसतात. बबल रॅप थेट रंगाला लावू नका, उन्हाळ्यात गोल वळ उठतात. रेक्झिन किंवा मऊ प्लास्टिकच्या पाऊचमधलं तेलकट द्रव्य रंगात उतरतं आणि यान आतून चिकटून बसतं. पुठ्ठ्याचं खोकं भिंतीला टेकवून ठेवलं तर वाळवी आधी खोकं खाते, मग त्यातला नियमांचा कागद.

एसटीने नेताना पेटी वरच्या रॅकवर किंवा डिकीत टाकू नका, मांडीवर घ्या. पेटी भरल्यावर उलटी करून एकदा हलवून पाहा. आत काही खडखडलं तर ते आत्ता सापडलेलं बरं.

वाकलेलं सरळ करताना

पीएलए किंवा रेझिनची तोफ वाकली तर हाताने जोर लावू नका, तुटेल. एका भांड्यात बोट बुडवता येणार नाही इतकं गरम पाणी घ्या, उकळतं नको. दुसऱ्या भांड्यात माठातलं गार पाणी. फक्त वाकलेला भाग पाच-दहा सेकंद गरम पाण्यात धरा, बाहेर काढून कापडाने सरळ करा, तसाच धरून गार पाण्यात बुडवा आणि मनात वीस मोजा. एका फेरीत पूर्ण सरळ झालं नाही तर परत करा. चुंबकाचा सांधा पाण्याबाहेर ठेवा, कारण उष्णतेने अराल्डाइट मऊ पडतं. धातूच्या तोफेला हा उपाय लागू नाही. ती एकदा वाकते, दुसऱ्यांदा सरळ होते आणि तिसऱ्यांदा मोडते.